हो साहेब, मजेत आहे!

आमच्या कारखान्यात माणसाला टाकीत उतरवण्याची पद्धत अतिशय मागासलेली होती, हे आधीच कबूल केलेलं बरं.

महीतीर केमिकल्स हा आमचा कारखाना बडोद्याबाहेर, कोयलीच्या वाटेवर. त्यात अकरा मोठ्या बंद टाक्या. वर्षातून एकदा-दोनदा प्रत्येक टाकी रिकामी करून तळाचा गाळ खरवडायला आत माणूस उतरवावा लागे. टाकीच्या माथ्यावर जेमतेम खांदे मावतील एवढं भोक. आधी गॅस मोजायचं यंत्र दोरीला बांधून खाली सोडत, पंख्याने आत हवा भरत, मग माणूस उतरे. त्याच्या कमरेचा पट्टा दोराला, दोर तिपाईवरच्या कप्पीतून बाहेर, आणि दोराचं दुसरं टोक धनाजीराव मोहिते या गृहस्थांच्या हातात. धनाजीराव भोकाशी बसत आणि दर दोन मिनिटांनी आतल्या माणसाला नावाने हाक मारत. आतून 'ओ' आली की गप्प बसत. नाही आली, किंवा आलेली 'ओ' त्यांच्या मनास आली नाही, तर कोणाचीही परवानगी न घेता माणूस वर ओढत.

एवढंच. एकवीस वर्षांत या पद्धतीने एकही माणूस दगावला नव्हता. त्यामुळे ही पद्धत सुरक्षित असल्याचा लेखी पुरावा तयार होण्याची संधीच आली नव्हती.

ही उणीव उघड झाली ती दोन हजार चार साली. आमच्या परदेशी गिऱ्हाइकाने एक ऑडिटर पाठवला. त्याने अर्धा तास उन्हात उभं राहून धनाजीरावांचं निरीक्षण केलं आणि आमचे सुरक्षा व्यवस्थापक उन्मेष दिघे यांना विचारलं, "हा माणूस काय करतोय?"

"बसलाय," उन्मेष म्हणाला. तो सत्यवचनी मुलगा होता. पुढे सुधारला.

"याचं प्रशिक्षण कुठे झालं?"

प्रश्न मराठीत करून धनाजीरावांना सांगण्यात आला. ते म्हणाले, "माझ्या आधी इथं बापूराव बसायचे. मी सहा महिने त्यांच्या शेजारी बसलो."

"त्याचा दाखला?"

"बापूराव वारले."

ऑडिटरने वहीत लिहिलं: प्रशिक्षणाचा पुरावा मयत.

दुसऱ्याच दिवशी जनरल मॅनेजर परीखसाहेबांनी बैठक बोलावली. परीखसाहेब गुजराती, पण आम्हा मराठी मंडळींशी हट्टाने मराठी बोलत. "जुओ उन्मेषभाई, जग एकविसाव्या शतकात आलं, ने आपण अजून दोरी पकडून बसलोय. काही मॉडर्न करा. टीव्हीवर करा. माणूस सांगतो ते माणूस विसरतो. टीव्ही सांगतो ते कोणी विसरतं का? बराबर ने?"

बराबर होतं. जे पगार देतात त्यांचं बराबरच असतं. कामगारांना बंद टाकीतल्या सुरक्षिततेचे धडे देणारा कार्टूनपट काढायचा ठरलं. मी तेव्हा कंपनीचा जनसंपर्क अधिकारी होतो, आणि मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी काहीतरी विनोदी लिहितो एवढ्या गुन्ह्याबद्दल संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं.

चित्रांचं काम मोहना वैद्य हिला दिलं. इथल्याच कलाशाखेतून शिकलेली मुलगी. रावपुऱ्यात दोन खोल्या आणि तीन संगणक घेऊन तिने कार्टूनपटांचा धंदा मांडला होता. तिने पहिली चूक केली ती ही, की तिने टाकी पाहायला मागितली. एरवी असं कोणी मागत नसे. धनाजीरावांनी तिला शिडीने वर नेऊन भोकातून आत डोकावायला लावलं. तिने मान बाहेर काढली. मग म्हणाली, "काका, आत जाणारा माणूस घाबरत नाही?"

"घाबरतो की. न घाबरणाऱ्याला मी उतरवत नाही."

पंधरा दिवसांनी मोहनाने नमुना आणला. काळीकुट्ट टाकी. गाळ ढवळला की आवाज न करता वर येणारा वायू. एक माणूस गुडघ्यावर बसतो, मग आडवा होतो. त्याला वाचवायला दुसरा दोर न बांधताच उडी मारतो. तोही आडवा होतो. बाहेर एक हात दोर ओढतो आहे, आणि दोराला वजन लागतं आहे. तीन मिनिटांचा तुकडा. दिवे लागले तेव्हा धनाजीराव दाराशी उभे होते. ते म्हणाले, "हे बराबर आहे, पोरी." आणि निघून गेले.

मग चित्रपटासाठी नेमलेल्या समितीने हरकती नोंदवल्या.

टाकी घाण दिसते, यामुळे कंपनीची प्रतिमा मलिन होते, असं मार्केटिंगचं म्हणणं पडलं. टाकी फिक्या निळ्या रंगाची झाली आणि तिला आतून उजेड आला. वायू हिरवट दाखवला होता. आमची कंपनी हिरवा वायू सोडत नाही, असं कायदा विभागाने लेखी कळवलं. वायू गुलाबी झाला. तो भयानक दिसू नये म्हणून त्याला डोळे आणि स्मितहास्य देण्यात आलं. माणूस आडवा होतो, हा तर सरळसरळ नकारात्मक संदेश होता.

"आपण माणसांना काय शिकवतोय, पडायला?" परीखसाहेबांनी विचारलं.

"साहेब, पडतात हेच तर दाखवायचंय," मोहना म्हणाली.

"ते दाखवा ने! पण पडल्याशिवाय दाखवा."

अशा रीतीने अपघाताविषयीच्या चित्रपटातून अपघात वगळण्यात आला. उरलं ते असं: सुरक्षितकुमार नावाचा गोरापान, गुटगुटीत कामगार पिवळं हेल्मेट घालून निळ्या टाकीत उतरतो. बाहेर टाय लावलेले सुरक्षासाहेब उभे असतात. ते दर दोन मिनिटांनी विचारतात, "सुरक्षितकुमार, बरा आहेस ना?" आणि सुरक्षितकुमार हात हलवून म्हणतो, "हो साहेब, मजेत आहे!"

हे शेवटचं वाक्य माझं. त्या दिवशी बैठकीत त्याला टाळ्या पडल्या होत्या, हेही नमूद करतो.

चित्रपट चाळीस मिनिटांचा झाला. वातानुकूलित सभागृहात कामगारांना दाखवण्यात आला आणि उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे अतिशय लोकप्रिय ठरला. काही जण तीन-तीनदा येऊन झोपले. बाहेर पडताना एका रजिस्टरात प्रत्येकाची सही घेत. वर छापलेलं होतं: 'पाहिलं, समजलं.'

सुभाष जगतापनेही सही केली. सुभाष हा ठेकेदाराचा माणूस, रोज डभोईहून बसने येणारा, वय बत्तीस, दोन मुलींचा बाप. तीन वर्षं टाक्यांत तोच उतरत होता, कारण एकतर तो अंगाने सडपातळ होता आणि दुसरं म्हणजे धनाजीरावांचा त्याच्यावर जीव होता. धनाजीरावांनी हाक मारली, "सुभाष!" की आतून नुसती 'ओ' कधी यायची नाही. "ओ! भजी आणली का?" "ओ! वर पाऊस आहे का ऊन?" "ओ! मामा, मेलो नाही अजून, तुम्ही बिडी ओढा!" धनाजीराव मला एकदा म्हणाले होते, "हा ज्या दिवशी नुसता ओ म्हणेल ना, त्या दिवशी मी त्याला वर काढणार."

मी सुभाषला विचारलं, "काय रे, कसा वाटला सिनेमा?"

"फक्कड, साहेब. पण एक विचारू? ती टाकी एवढी चकचकीत होती, तर तो आत काय साफ करत होता?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

वर्षभराने ऑडिटर पुन्हा आला. रजिस्टर पाहून तो प्रसन्न झाला. फक्त एक शंका काढली: कामगार चित्रपट मार्च महिन्यात पाहतो आणि टाकीत सप्टेंबरमध्ये उतरतो, मधल्या काळात तो विसरला नाही, याचा पुरावा काय? प्रशिक्षण हे कामाच्या जागी, कामाच्या वेळी हवं.

उन्मेष आता बराच तयार झाला होता. त्याने आठवड्यात तोडगा काढला. एका चाकांच्या गाड्यावर मोठा टीव्ही, त्याखाली व्हीसीडी प्लेयर, आणि हा गाडा क्रेनने टाकीच्या माथ्यावर. माणूस आत काम करत असताना भोकाशी अखंड चित्रपट चालू राहील. आवाज आतपर्यंत जाईल एवढा मोठा. उतरणारा शिकत शिकत काम करील आणि काम करत करत शिकेल. परीखसाहेबांनी उन्मेषची पाठ थोपटली.

मग कामगारकपातीचं वर्ष आलं. बाहेरच्या सल्लागारांनी प्रत्येक माणसाच्या कामाचा तक्ता केला. धनाजीरावांपुढे त्यांनी लिहिलं: 'हाक मारणे.' आणि शेरा: 'हे काम टीव्ही करतो.'

यात खोट काढायला जागा नव्हती. दर दोन मिनिटांनी हाक मारली जात होती. शिवाय उत्तरही येत होतं. धनाजीरावांच्या पद्धतीत उत्तर कधीमधी येत नसे. नव्या पद्धतीत ते शंभर टक्के येई. मात्र परीखसाहेब कनवाळू. "जुना माणूस आहे, काढू नका," ते म्हणाले. धनाजीरावांना 'रिमोट चालक' या नव्याने निर्माण केलेल्या जागी नेमण्यात आलं. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात चित्रपटाची फेरी संपली की खूण करायचा तक्ता; दोर धरायला तिसरा हात मंजूर नसल्यामुळे दोराचं टोक टीव्हीच्या गाड्याला बांधावं, असा आदेश निघाला.

रिमोटला दोन बॅटऱ्या लागत. स्टोअरमध्ये नवीन मागवायच्या तर तीन सह्या. गॅस मोजायच्या यंत्रात नेमक्या त्याच मापाच्या बॅटऱ्या होत्या. यंत्र तात्पुरतं कपाटात गेलं, आणि परवान्यावर 'वायूचं मोजमाप' या रकान्यात 'मागीलप्रमाणे' असं लिहायची सोय झाली.

धनाजीराव माझ्या खोलीत आले. उभेच राहिले.

"साहेब, ते वाक्य तुम्ही लिहिलंत ना? मजेत आहेचं?"

"हो. का?"

"ते काढता येईल का? हाक राहू दे. उत्तर काढा. उत्तर आतल्याला देऊ दे."

मला मुद्दा पटला. अगदी पटला. मी म्हणालो, "धनाजीराव, बदल करायचा तर समिती पुन्हा बोलवावी लागेल. पुढच्या तिमाहीत बघू."

ते म्हणाले, "बरं." त्या माणसाची ही खोड होती, बरं म्हटलं की आपल्याला दिवसभर बरं वाटत नसे.

पुढच्या तिमाहीच्या आत सुरक्षा सप्ताह आला. चार नंबरच्या टाकीचं काम मुद्दाम त्याच सप्ताहात ठेवण्यात आलं, कारण पाहुण्यांना पद्धत दाखवायची होती. टाकीच्या माथ्यावर मंडपाचं कापड बांधलं. परीखसाहेब, आठ पाहुणे, उन्मेष, मी आणि थंड पेयांचा ट्रे एका बाजूला. भोक, टीव्ही आणि धनाजीराव दुसऱ्या बाजूला. सुभाष आला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, रजिस्टरात 'पाहिलं, समजलं' समोर सही केली आणि आत उतरला.

चित्रपट सुरू झाला. "सुरक्षितकुमार, बरा आहेस ना?" "हो साहेब, मजेत आहे!" पाहुणे खूश. उन्मेष हातातल्या काठीने त्यांना नव्या पद्धतीचा फलक समजावत होता. धनाजीराव मात्र तक्त्यावर खुणा करायच्या सोडून भोकाकडे कान लावून बसले होते, हे मी पाहिलं. आणि दोन हाकांच्या मध्ये ते हळूच स्वतःची हाक घालत होते.

"सुभाष!"

"ओ! मामा, पेप्सी उरली तर ठेवा!" आतून आलं. एक पाहुणा हसला. उन्मेष हसला नाही.

"सुरक्षितकुमार, बरा आहेस ना?"

"हो साहेब, मजेत आहे!"

"सुभाष!"

"ओ."

धनाजीराव गुडघ्यावर आले. त्यांनी पुन्हा काहीतरी हाक मारली, पण तेवढ्यात चित्रपटातलं गाणं लागलं होतं, त्यामुळे ती कोणालाच ऐकू आली नाही. मग एकाएकी सगळं शांत झालं. धनाजीरावांनी रिमोटने आवाज बंद केला होता.

"धनाजीराव!" उन्मेष ओरडला. "आवाज का बंद केलात?"

"साहेब, आतला बोलत नाही."

"बोलला की आत्ता! आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"तो पेटीतला बोलला, साहेब."

"अहो, पाहुणे आहेत. आवाज लावा आधी."

पडद्यावर सुरक्षितकुमार मुकाट्याने हात हलवत होता. धनाजीरावांनी रिमोट टाकला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि अंग मागे टाकलं. दोर गाड्याला बांधलेला. गाडा फिरला, कलला आणि टीव्हीसकट माथ्यावर आडवा झाला. पाहुण्यांच्या अंगावर काचा उडाल्या. तेव्हा कुठे मी ट्रेच्या बाजूने भोकाच्या बाजूला गेलो. आम्ही दोघांनी मिळून ओढलं. दोराला वजन लागत होतं. मला एकदम मोहनाचा तो पहिला तुकडा आठवला.

सुभाष बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते. तो जगला. नऊ दिवस दवाखान्यात होता. दहाव्या दिवशी घरी गेला, आणि त्याच्या धाकट्या मुलीने त्याची हाक ऐकून कोणी परका समजून दार लावून घेतलं म्हणतात. त्याचा आवाज अजून पहिल्यासारखा झाला नव्हता.

चौकशी रीतसर झाली. अहवाल उन्मेषने लिहिला, भाषा मी तपासली. त्यातला मुख्य निष्कर्ष असा: अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत आतून समाधानकारक उत्तरं येत होती व त्यास आठ पाहुणे साक्षी आहेत. अकरा वाजून वीस मिनिटांनी रिमोट चालकाने सुरक्षा यंत्रणेचा आवाज बंद केला. अपघात त्यानंतर निदर्शनास आला. सबब आवाज बंद करणे हे अपघाताचे निकटचे कारण होय.

धनाजीरावांवर तीन आरोप ठेवले. सुरक्षा यंत्रणेत ढवळाढवळ, कंपनीच्या टीव्हीची नासधूस, आणि चित्रपटात नसलेल्या नावाने हाक मारणे. सुभाषवर एकच: त्याने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नाही. त्याला कामावर घेण्यापूर्वी तो तीन वेळा दाखवण्यात आला. धनाजीरावांना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देण्यात आला, त्यात स्वेच्छा आधीच भरलेली होती. चित्रपटाला त्या वर्षी सुरक्षिततेची ढाल मिळाली. ढाल स्वीकारायला मीही गेलो होतो. जेवण चांगलं होतं.

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी. तुमचंही हसून झालं असेल. परीखसाहेबांना, उन्मेषला, आणि ओघात मलाही. पण त्या अर्जावर माझी एक सही राहिली होती. ती घ्यायला धनाजीराव एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत आले.

मी आणि उन्मेष एकाच सोसायटीत राहतो. दिवाळी पंधरा दिवसांवर होती आणि दरवर्षीप्रमाणे आवारातली पाण्याची जमिनीखालची टाकी साफ करायचं काम चाललं होतं. मी गॅलरीत चहा घेत होतो. समोरच्या गॅलरीत उन्मेष पेपर वाचत होता. खाली टाकीचं झाकण उघडं, शेजारी चपलांचा एक जोड, आणि आतून खराट्याचा आवाज. झाकणाशी कोणीही नव्हतं.

धनाजीराव फाटकातून आत आले आणि झाकणापाशी थांबले. अर्ज त्यांनी खिशात घातला.

"आत कोण आहे?" त्यांनी वर बघून विचारलं.

"टाकीवाला," मी म्हणालो. "या ना वर, चहा टाकतो."

"टाकीवाला हो. पण नाव काय त्याचं?"

मी उन्मेषकडे बघितलं. उन्मेषने पेपर खाली घेतला. "काका, तो दरवर्षी येतो. सवयीचा आहे," तो म्हणाला.

"सवयीचा आहे ते झालं. हाक काय मारायची?"

सोसायटीच्या सेक्रेटरी निरुपमाताई खाली तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही टाकीवालाच म्हणतो बाई. बारा वर्षं झाली. कधी अडलं नाही." मग हळूहळू इतर गॅलऱ्यांतही माणसं आली. शाळामास्तर, बँकवाले, एक डॉक्टर. अठरा बिऱ्हाडं, सगळी शिकलेली. कोणालाच नाव माहीत नव्हतं. कोणीतरी सुचवलं की गेल्या वर्षीच्या पावतीवर असेल. पावतीवर 'टाकी सफाई' असं होतं.

खराट्याचा आवाज थांबला होता. तो मघाच थांबला होता की आत्ता, हे आमच्यापैकी कोणी सांगू शकलं नसतं.

धनाजीराव चपला काढून झाकणाशी गुडघ्यावर बसले, दोन्ही हात टाकीच्या काठावर ठेवले आणि आत ओरडले, "अरे बाबा, नाव काय तुझं?"

थोड्या वेळाने आतून काहीतरी आलं. धनाजीरावांनी मान हलवली आणि तिथेच मांडी घालून बसले. दोन मिनिटांनी त्यांनी हाक मारली. काय नावाने मारली ते मला दुसऱ्या मजल्यावर नीट ऐकू आलं नाही. खाली जाऊन विचारणार होतो, पण चहा निवत होता.

तेव्हा आता एवढंच करा. इथवर वाचलं आहेत, तर खाली दोन रकाने आहेत असं समजा. पहिल्यावर छापलंय, 'वाचलं, समजलं'. तिथे तुमची सही. दुसऱ्यात, दिवाळीच्या आधी तुमच्या टाकीत उतरतो त्या माणसाचं नाव.

पहिला रकाना भरायला तुम्हाला वेळ लागणार नाही, एवढा मला अनुभव आहे.